तोडणीआधीचं पाणी

मार्च लागला की वाशिमच्या बसस्टँडबाहेर संत्र्यांच्या हातगाड्या उभ्या राहतात. मृग बहराचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुललेल्या झाडांचा, हा शेवटचा माल. कॉलेज सुटल्यावर मी तिथून पायी घरी जाते आणि जाता जाता एखाद्या गाडीशी थांबून एक फळ उचलते. देठाजवळ अंगठ्यानं हलकंच दाबून पाहते. साल आतल्या फोडींना धरून असेल तर अंगठा तिथंच थांबतो. साल सुटलेली असेल तर फळ दबतं, आणि आत पोकळी आहे हे बोटांना कळतं. असं फळ दिसायला मोठं असतं, तकतकीत असतं, आणि चार दिवसांत नासतं. गाडीवाल्यांना माझं हे दाबणं आवडत नाही. "मॅडम, घ्याचं असन तं घ्या, त्याले गुदगुल्या कायले करता?" असं परवा एकजण म्हणाला, आणि बाजूची बाई हसली. मीही हसले. मला संत्री घ्यायची नव्हतीच. त्या फळाला शेवटचं पाणी कधी दिलं, एवढंच मला पाहायचं होतं. ही खोड आता जाणार नाही.

मेडशीपासून थोडं आत आमचं गाव. गावाच्या कडेला बौद्ध वस्ती, वस्तीमागं नाला, नाल्यापलीकडे आमची दोन एकरांची संत्र्याची बाग. जमीन काळी, भारी. पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. या जमिनीत पाणी कसं द्यायचं हे बाबांनी दुसऱ्यांच्या बागांत ओलिताच्या कामाला जाऊन शिकून घेतलं होतं. शाळा त्यांची चौथीत सुटली. स्वतःची झाडं लावली तेव्हा मी पाळण्यात होते. माय सांगते, की ते आधी रोपांना पाणी घालून यायचे आणि मग मला पाहायला यायचे.

झाडाच्या बुंध्याला ते पाणी लागू देत नसत. बुंध्याभोवती मातीचा लहानसा कडा, आणि पाणी त्याच्या बाहेरच्या आळ्यात. पुढं ठिबक आलं तेव्हा नळ्याही त्यांनी खोडापासून लांब सरकवून घेतल्या. आज पाणी द्यायचं की नाही, हे ते झाडाकडे पाहून ठरवत नसत. वीतभर उकरून खालची माती काढायची, मुठीत दाबायची, मूठ उघडायची. मातीचा गोळा तसाच राहिला तर मोटार बंद. गोळा फुटला तर सुरू. मी लहान असताना माझ्या मुठीतही ते माती द्यायचे. माझा गोळा नेहमी फुटायचा, कारण मी जोरच लावत नसे. "तुह्या भरवशावर बाग ठेवली तं नाल्यात वाहून जाईन," ते म्हणायचे आणि माझी मूठ स्वतःच्या हातात घेऊन दाबायचे. त्या ओल्या मातीचा गारवा आणि त्यांच्या तळहाताचा खरखरीतपणा मला एकत्रच आठवतो.

फळानं रंग धरला की मात्र गोळा वगैरे काही नाही. पाणी बंद. तोडणीआधी पंधरा-वीस दिवस झाडाला थेंब मिळायचा नाही. दुपारी पानं आतल्या बाजूला वळायची, फांद्या मान टाकल्यासारख्या दिसायच्या. मला दया यायची. बाबा त्याच झाडांखाली बसून शांतपणे भाकर खायचे. या वीस दिवसांत साल फोडींना घट्ट धरते, रसातलं जास्तीचं पाणी कमी होतं, गोडी वाढते. फळ आकारानं थोडं लहान राहतं, पण तोडल्यावरही टिकतं. हे सगळं मी आता वर्गात फळ्यावर आकृती काढून सांगू शकते. बाबा एवढंच म्हणायचे, की जाणाऱ्या माणसाला पोटभर पाणी पाजून वाटेला लावत नसतात.

शेवटच्या तोडणीतली एक मोठी टोपली बाबा विकत नसत. देठाशी कात्रीनं कापलेली, कुठं नख न लागलेली फळं निवडून ती कडुलिंबाच्या पाल्यात थरानं रचायची, आणि टोपली मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवायची. एप्रिलमधल्या जयंतीला विहारासमोर वस्तीतली सगळी पोरं रांगेत बसायची. तेव्हा ती टोपली निघायची. तीन आठवड्यांत साल आक्रसून सुरकुतलेली असायची, पण आतली फोड जशीच्या तशी. उन्हातून मिरवून आलेल्या पोरांच्या हातावर दोन-दोन फोडी. उन्हाळ्यात आमच्या वस्तीला मिळणारं तेवढंच एक फळ. बाबा स्वतः वाटायचे आणि वाटताना चेहऱ्यावर काहीच दाखवायचे नाहीत, पण पांढरा शर्ट त्या दिवसासाठी राखून ठेवलेला असायचा.

आमची बाग दरवर्षी रिसोडचे रशीदचाचा बागवान घेत. बाकीचे व्यापारी दहा झाडांची दहा फळं कापून पाहतात, आणि त्यांचंही चुकत नाही. माल वजनावर जातो. तोडणीच्या दोन-तीन दिवस आधी मोटार लावली की फळं फुगतात, काट्यावर वजन जास्त भरतं. पण अशा फळाची साल पाण्यानं ताणलेली असते. तोडताना जरा दाबलं तरी सालीतल्या तेलाच्या बारीक पिशव्या फुटतात आणि तिथून बुरशी शिरते. हे उघडकीला येतं आठ दिवसांनी, दूरच्या कुठल्यातरी मंडीत, व्यापाऱ्याच्या दारात. आमच्या भागात ही चाल सगळ्यांना माहीत आहे. आमच्या बांधावर मात्र चाचा एकच प्रश्न विचारत.

"पानी कधी तोडलं, उत्तमभौ?"

बाबा दिवस सांगत. चाचा मान हलवत. मग चहा. मी वीस वर्षांची होईपर्यंत चाचांनी आमचं एकही फळ कापून पाहिलेलं मला आठवत नाही. रिसोडात त्यांच्या दुकानात दुसऱ्या कोणाच्या मालावर वाद निघाला, तर ते म्हणायचे की मेडशीकडच्या उत्तमचं पाहून या, पाणी म्हणजे काय ते त्याला विचारा. बाबांच्या नावाला एवढी किंमत दुसरीकडे कुठंच नव्हती. ज्या पाटलाच्या बागेत ते ओलिताला जात, तिथं त्यांना नाव घेऊन कोणी हाक मारत नसे.

मी कृषी महाविद्यालयाला लागले तेव्हा वस्तीनं वर्गणी काढून मला एक पत्र्याची पेटी घेऊन दिली. वर पांढऱ्या रंगात माझं पूर्ण नाव. आमच्या घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नव्हतं, आणि वस्तीतून कॉलेजच्या वसतिगृहात राहायला जाणारी पहिली मुलगी मीच. शाळेतल्या गुरुजींनी फॉर्म भरला, शिष्यवृत्तीनं फी भरली, आणि बाबा मला सोडायला आले तेव्हा वसतिगृहाच्या दारात चपला काढून आत आले. या सगळ्यांचं माझ्यावर जे आहे ते फिटणारं नाही, हे मी आजही मनापासून मानते. म्हणूनच पुढचं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मी शेवटच्या वर्षाला होते. मार्चमध्येच मायच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. बाबा तिला घेऊन अकोल्याला गेले, आणि बागेवर लक्ष ठेवायला मी घरी आले. पाणी तोडून बारा दिवस झाले होते. मोटारीला हात लावू नको, असं बाबा म्हणाले नाहीत. कोणी लावील असं त्यांच्या मनातच आलं नसावं. जाताना म्हणाले, "मले काय सांगाचं तुले. तुले आमच्याहून जादा समजते."

पहिल्याच दुपारी मी बागेत गेले आणि पानं वळलेली पाहिली. लहानपणी दया यायची तीच झाडं. पण आता माझ्याजवळ वही होती. वहीत एक तक्ता होता, मोठ्या झाडाला कोणत्या महिन्यात रोज किती पाणी लागतं त्याचा. मार्चसमोरचा आकडा चांगला मोठा होता. मी पानं पाहिली, आकडा पाहिला, आणि बाबांनी एवढी वर्षं झाडांना उगाच तहानलेलं ठेवलं असं मला वाटलं. नुसतं वाटलं नाही, त्यांची कीव आली. शिकायला मिळालं असतं तर हा माणूस कुठं गेला असता, असंही वाटलं. ती कीव आठवली की अजून कानशिलं तापतात.

सकाळी नऊला लाईन यायची. मी तीन दिवस मोटार लावली. नळ्यांतून थेंब पडायला लागले आणि तापलेल्या काळ्या मातीचा वास बागभर पसरला. पानं दुसऱ्या दिवशी उघडली, फळं फुगली, सालीला चकाकी आली. मी फळांचा घेर दोऱ्यानं मोजून वहीत लिहून ठेवला. बाबा आले की दाखवायचं होतं. माती उकरून मुठीत धरून पाहावी असं एकदाही सुचलं नाही. बारा दिवसांनंतरही त्या भारी जमिनीत वीतभर खाली ओल असणार, हे मला आता कळतं.

पाचव्या दिवशी रशीदचाचा माणसं घेऊन आले. अकोल्याहून बाबांनी त्यांना फोनवर सांगितलंच होतं, की पाणी तोडून सतरा दिवस झाले, बेफिकीर तोडा. चाचांनी पहिल्या ओळीतलं एक फळ हातात घेतलं आणि देठाजवळ अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"पानी बंदच हाये ना, बेटा?"

मी म्हणाले, "बाबांनी सांगितलं तसंच आहे, चाचा."

यापेक्षा मोठं खोटं मी आयुष्यात बोललेले नाही, आणि त्या क्षणी ते मला खोटंही वाटलं नव्हतं. आता चाचांना काय समजावून सांगायचं, एवढंच मनात होतं. चाचांनी फळ खाली ठेवलं. बाबांचं नाव घेतल्यावर त्यांनी आणखी विचारलं नाही. माणसं झाडांवर चढली. मी बाबांच्या पद्धतीनं निवडून टोपली भरली, पाल्यात रचली, मागच्या खोलीत ठेवली.

बाबा-माय परत आले त्याच आठवड्यात त्या खोलीतून वास यायला लागला. गोडसर, कुजका, नाकात बसणारा. बाबांनी पाला बाजूला केला तर वरच्या थरात हिरवी-निळी बुरशी, आणि बोट लावलं की फळ आत जाई. त्यांनी खालचं एक चांगलं दिसणारं फळ काढून सोललं. साल एका झटक्यात सुटून आली. ती त्यांनी माझ्यासमोर धरली.

"पानी सोडलं होतं?"

मी हो म्हणाले. आणि मग, आज लाज वाटते, तक्ता सांगायला लागले. बाष्पीभवन, झाडाची गरज, मार्च. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले. टोपली उचलली आणि उकिरड्यावर रिकामी करून आले. दुसऱ्या दिवशी चाचांचा फोन आला. मंडीत अर्ध्याहून जास्त माल फेकावा लागला होता. बाबांनी राखीव पांढरा शर्ट घातला आणि सकाळच्या एसटीनं रिसोडला गेले. जाताना म्हणाले, की काय झालं ते चाचाला तोंडावर सांगून येतो. संध्याकाळी आले, जेवले, झोपले. मला वाटलं, सांगितलं असेल. विचारायचं धैर्य झालं नाही. त्या वर्षी जयंतीला पोरांना बुंदी वाटली. पोरांना बुंदीच जास्त आवडली.

वसतिगृहात परतल्यावर एका दुपारी मी पुस्तक काढून बसले. फळांच्या साठवणुकीच्या धड्यात, तिसऱ्याच पानावर, साध्या एका ओळीत लिहिलं होतं, की तोडणीआधी पाणी बंद ठेवावं, म्हणजे फळ जास्त टिकतं. ती ओळ मी पेन्सिलनं अधोरेखितही केली होती. पाण्याचा धडा आम्हाला तिसऱ्या सत्रात होता, साठवणुकीचा सहाव्यात. दोन्हींत मला चांगले गुण होते. मधे तीन परीक्षा गेल्या आणि ते दोन धडे माझ्या डोक्यात एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. बाबांना हे दोन धडे आहेत हेच माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी पाणी देणं आणि फळ टिकणं हे एकच काम होतं.

पुढच्या मार्चमध्ये चाचा बांधावर आले आणि त्यांनी पाणी कधी तोडलं ते विचारलं नाही. खिशातून चाकू काढला. एकेका ओळीतलं एकेक फळ कापून, चाखून पाहिलं. बाबा तेवढा वेळ नाल्याकडे तोंड करून उभे होते. मला वाटलं, हे माझ्यामुळं. पण मला कोड्यात टाकणारी गोष्ट अशी, की चाचा माझ्याशी मात्र पहिल्यासारखेच गोड बोलले. निकाल काय लागला, नोकरी कुठं पाहतेस, सगळं विचारलं. चूक जिची तिच्याशी गोड, आणि बाबांशी कामापुरतं. तेव्हापासून दरवर्षी हेच. मी वाशिमला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले, वस्तीतल्या आणखी मुली शिकायला बाहेर पडल्या, एक नर्स झाली. बाबांची बाग तशीच, पाणी तसंच, टोपली तशीच. फक्त तो प्रश्न कोणी विचारत नाही.

या वर्षी तोडणीला मी रजा टाकून गेले. बाबांचे गुडघे आता धरतात. चाचाही थकलेत, पण येतात. माणसं क्रेट उतरवत होती तेव्हा चाचा माझ्याजवळ बांधावर टेकले. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाले, की तुझा बाप वाईट माणूस नाही. मला कळेना. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "एक साल नियत फिरली त्याची. अकोल्याले जाच्या आधी पानी मारलं मालाले. तुह्या शिक्षणाचं साल होतं थे, म्या समजून घेतलं. पन बेटा, चार मानसांत मह्या दुकानात उभा राहून आपल्या तोंडानं कबूल केलं त्यानं. मंग चाकू काढाच लागते."

मी उठले आणि थेट बाबांकडे गेले. ते शेवटच्या ओळीत नळी गुंडाळत होते. असं का केलं, मी विचारलं. त्यांनी नळी गुंडाळणं थांबवलं नाही.

"काय सांगतो मंग? पोरगी शिकून आली अन् बाग नासली, असं? तुह्या मांगं तीन पोरी होत्या वस्तीत बारावीले. त्याइच्या बापाइनं काय आयकलं असतं?"

मी म्हणाले, पण तुमचं नाव गेलं. ते म्हणाले, "मह्या नावाले कुठी नोकरी लागाची होती?" आणि गुंडाळलेली नळी खांद्यावर टाकली. बाबांनी हे माझ्यासाठी केलं असं म्हणायचीही सोय नाही. त्या तीन मुलींपैकी एकीला मी गेल्याच महिन्यात पीएच.डी.चा अर्ज भरून दिला होता.

मी तशीच परत बांधावर आले आणि चाचांसमोर उभी राहून सगळं सांगितलं. मोटार मी लावली. तीन दिवस. बाबा अकोल्याला होते, त्यांना माहीतही नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. शिकलेली बाई सांगते तसं, मुद्द्याला मुद्दा जोडून सांगितलं. एकही गोष्ट सोडली नाही. चाचा शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे पाहत होते. हळूहळू त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, पोचलं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"लेक असावी तं अशी," ते म्हणाले.

मी म्हणाले, चाचा, हे खरं आहे. त्यांनी मान हलवली, लहान मुलाची समजूत घालावी तशी. मग बाबा ओळीतून बाहेर येताना दिसले तसे मोठ्यानं म्हणाले, "उत्तमभौ, नसीबवाला हायेस. पोरगी तुह्यासाठी झूठ बोलून राह्यली. तुवा शिकवलं काय तिले?"

किती वर्षांनी चाचा त्यांच्याशी असं मोकळं बोलले होते. बाबा थांबले. माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगितलं असेल ते त्यांना कळलं, हे मला कळलं. मग ते चाचांकडे वळले.

"नाई, रशीदभाई," ते म्हणाले. "थे तिच्या मनानंच बोलली."

चाचा हसले. बाबाही हसले. मी आणखी काही बोलले असते, तर चाचांच्या लेखी माझी माया तेवढी वाढली असती, आणि बाबांचं नाव होतं तिथंच राहिलं असतं.